नानांची अकरा मंगलाष्टकं

मी जळगावच्या एका कॉलेजात विनोदाचे प्रकार शिकवतो. विद्यार्थी हसत नाहीत, पण लिहून घेतात. कोटी शब्दावर चालते, अतिशयोक्ती फुगवण्यावर आणि उपरोध उलट बोलण्यावर. उपरोधाला मात्र ऐकणाराही तयारीचा लागतो, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. (मी स्वतः ते वाचत नाही, शिकवताना फळ्याकडे माझी पाठ असते.)

धरणगावला बायकोच्या भाचीचा साखरपुडा होता. भरीत-पुरीची पंगत उठली आणि बायकोचे काका, म्हणजे नाना, गायला बसले. बोअरच्या मोटारीत हवा भरली की येतो, तसा नानांचा आवाज. तासाभरानं मी ठेवणीतला उपरोध काढला.

"नाना, काय गळा आहे. लग्नात मंगलाष्टकं तुम्हीच म्हणायची. भटजी हवाच कशाला?"

नानांचे डोळे भरून आले. "जवाईबापू, इतला दिसमा तुम्हीच एक जानकार भेटनात."

धुळ्याला लग्नात नाना वही घेऊनच आले. स्वतः रचलेली अकरा मंगलाष्टकं, आणि त्यांत दोन्हीकडचे बठ्ठे, म्हणजे झाडून सगळे, नातेवाईक, गावासकट. चौथ्याला अक्षता संपल्या. सहाव्याला अंतरपाट धरणाऱ्यांनी हात बदलले. सातव्याला मुहूर्त टळला आणि नवरदेवाचे वडील तरातरा पुढे आले.

"यांना माइक कोणी दिला?"

नानांनी माइकवरूनच खुलासा केला, "हे आमच्या जळगावच्या जावईबापूंच्या आग्रहास्तव."

अख्खा मंडप माझ्याकडे वळला. मी धावत जाऊन नानांच्या कानाशी कुजबुजलो, "नाना, थांबा. मी तेव्हा गंमत केली होती."

माइक चालू होता, हे मला मंडपभर माझाच आवाज घुमल्यावर कळलं.

 नानांनी वही मिटली, चष्मा काढून पुसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात अंतरपाटामागून नवरी म्हणाली, "आजोबा, माझं नाव यायचंय अजून. ते म्हणा, मग मी हार घालते."

नानांनी तेवढं एकच म्हटलं. मंडप हसला, लग्न लागलं. पंगतीत नानांनी स्वतःच्या हातानं मला जिलबी भरवली, तोंड उघडता येणार नाही इतकी.

परतताना बायको पारोळ्यापर्यंत खिडकीबाहेर बघत बसली. मग म्हणाली, "किती छान बोलता हो तुम्ही. तुम्हाला दर लग्नात न्यायला हवं."

"थँक्यू," मी म्हणालो.

एरंडोल येईपर्यंत मी खूश होतो.