डाय फिटरचे पक्षी

साहेबराव ओव्हाळ चाकणच्या एका कंपनीत डाय फिटर. पत्र्याला आकार देणारे साचे दुरुस्त करायचे, हे त्यांचं काम. तीस वर्षं केसभर फरक शोधून त्यांची नजर तशीच घडली होती. म्हणूनच दापोडीच्या रद्दीवाल्याकडे वर्तमानपत्रं घालायला गेले तेव्हा ते पुस्तक त्यांच्या हातून सुटलं नाही. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या पक्ष्यांचं ते जाडजूड पुस्तक. एकेका पानावर दहा-बारा पक्षी, सगळे जवळजवळ सारखे; फक्त एकाच्या पंखावर दोन पांढऱ्या रेघा, तर दुसऱ्याच्या एकच.

इंग्रजी अवघड होतं. मुलगी नेहा तेव्हा आठवीत होती. अडलेले शब्द ती सांगायची. पुढे त्यांना तिची गरज उरली नाही. कंपनीच्या बसमध्ये मी त्यांच्या शेजारी बसायचो. मांडीवर पुस्तक उघडून ते खालची नावं हाताने झाकत आणि चित्रावरून पक्षी ओळखत. अकरा वर्षं हे चाललं. बसमध्ये लोक त्यांना मेक्सिकोवाले म्हणायचे. आमच्या घरात माणसं तीन आणि पाखरं हजार, असं त्यांची बायको सुमनताई पाहुण्यांना सांगायची.

मग कंपनीच्या मेक्सिकोतल्या कारखान्यात एक साचा सारखा अडकू लागला. तीन आठवडे कुणीतरी जायला हवं होतं. दिवस दिवाळीचे, त्यामुळे खात्यात कुणी तयार होईना. मॅनेजरचं वाक्य पुरं व्हायच्या आत साहेबराव हो म्हणाले. त्यांच्याकडे पासपोर्टही नव्हता. तो घाईघाईने काढला. बॅगेत टॉवेलमध्ये गुंडाळलेलं पुस्तक आणि सुमनताईंची शेंगदाण्याची चटणी.

तिथे उतरल्यावर हॉटेलच्या खिडकीत पहिला पक्षी दिसला तो चिमणी. आपलीच. मग पारवे. कारखाना गावाबाहेर, चाकणसारख्याच रस्त्यावर, ट्रकच्या रांगांत. चार दिवस पार्किंगमधल्या लांब शेपटीच्या काळ्या पक्ष्यांखेरीज काही दिसेना. पाचव्या सकाळी गेटजवळ व्हॅन थांबली आणि कुंपणाच्या तारेवर लाल ठिपका दिसला. साहेबराव खाली उतरले. कुंकवासारखं लाल डोकं आणि पोट, पाठ काळपट. पक्ष्याने हवेत झेप घेऊन माशी पकडली आणि पुन्हा त्याच तारेवर येऊन बसला. पान शोधायची गरज नव्हती, तरी त्यांनी ते शोधलं.

गेटवरचा पहारेकरी रामिरो ओळखपत्र मागायला आला, तेव्हा साहेबरावांनी त्याला चित्र दाखवलं. हा पक्षी तो नऊ वर्षं रोज बघत होता, पण पुस्तकात असेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं. त्याने हाताला धरून साहेबरावांना आपल्या केबिनमागे नेलं. तिथे साखरपाण्याची बाटली टांगलेली, आणि तिच्यापुढे अंगठ्याएवढा हमिंगबर्ड हवेत जागच्या जागी तरंगत होता. त्या दिवसापासून जेवणाची सुट्टी तिथेच जाऊ लागली.

निघायच्या दिवशी रामिरोने फोनवरच्या भाषांतरातून विचारलं, "तुमच्याकडे कोणते पक्षी असतात?"

साहेबरावांनी कावळा सांगितला. चिमणी, पारवा, पोपट. पुढे सुचेना. फोन बंद पडला असावा असं वाटून रामिरोने तो हलवून बघितला.

परत आल्यावर बसमध्ये त्यांनी मला हे सांगितलं तेव्हा मान खाली होती. "हजार पक्षी पाठ केले राव. पण आपल्या कंपनीच्या कुंपणावर कोण बसतं, ते मला सांगता येईना."

नेहाने महाराष्ट्रातल्या पक्ष्यांचं मराठी पुस्तक मागवून दिलं. रविवारी सकाळी ते दापोडीत, पवना मुळेला मिळते तिथे जाऊ लागले. पाण्याला वास, काठाला प्लास्टिक, तरी पक्षी भरपूर. तिसऱ्या रविवारी सुमनताई सोबत गेल्या, हा माणूस दर रविवारी नाश्ता सोडून जातो कुठे ते बघायला. साहेबराव पुस्तक चाळत होते. सुमनताईंनी बोट केलं आणि म्हणाल्या, ही टिटवी. तो बाभळीवर खाटीक. ते शेपूट हलवणारं धोबी.

साहेबरावांनी पुस्तक मिटलं. बीडकडच्या गावात सुमनताईंचं सगळं लहानपण शेळ्यांमागे गेलं होतं. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती.

"तुला हे सगळं ठाऊक होतं?"

"इचारलं का कधी?" त्या म्हणाल्या.

आता दोघं मिळून जातात. त्या आवाजावरून सांगतात, हे रेघा मोजून खात्री करतात. मार्चमध्ये साहेबराव निवृत्त होतील. वहीत त्रेसष्ट पक्षी झालेत. चौसष्टाव्यावरून मात्र गेले दोन आठवडे भांडण चाललंय. लव्हाळ्यातला तो मातकट पक्षी पुस्तकातल्या वटवट्या जातीच्या पाचही पक्ष्यांसारखा दिसतो, आणि सुमनताई म्हणतात त्यांच्या गावाकडे त्या सगळ्यांना एकच नाव आहे.