परत न द्यायची फियाट

आमच्या धाकट्या मामांचा देवावरसुद्धा चटकन विश्वास बसलेला नसणार. आधी त्यालाही त्यांनी ओल्या गोणपाटात गुंडाळून पाहिलं असेल. याचं मूळ बोगस बियाण्यात आहे. बीटी कपाशी नवीन नवीन आली तेव्हा मामांनी मलकापुरातून चकचकीत पाकिटं आणून पेरली आणि धामणगाव बढ्याचं त्यांचं अख्खं वावर उघडंबोडकं राहिलं. तेव्हापासून चार दाणे ओल्या गोणपाटात ठेवून कोंब पाहिल्याशिवाय ते पेरत नाहीत, आणि हाच नियम त्यांनी बाकीच्या सृष्टीलाही लावून टाकला. लेकीला पाहायला आलेल्या मुलाला त्यांनी हरभरा सोंगायला, म्हणजे कापणीला, मुक्कामी ठेवून घेतलं. "कोंब येते का पाहू," म्हणाले. पोरगा रडकुंडीला आला, पण उगवला. आज तो त्यांचा जावई आहे.

अशा माणसाने जुनी फियाट मोबाइलवरून घ्यायचं मनावर घेतलं, ते मामीपायी. मामी सासरी आली ती उसन्या फियाटमधून, आणि हळद फिटायच्या आत ती गाडी मालकाकडे परत गेली. "परत द्याची नसन अशी येईन का कधी?" मामीने तेव्हा हसत विचारलं होतं. पुढे नापिकीची वर्षं आली आणि तिने विचारणंच सोडलं. मामा मात्र विसरले नव्हते.

पहिल्याच जाहिरातीतली गाडी इतकी देखणी की मी पाघळलो. विकणारा म्हणे फौजेत, बदली झालेली. निम्मे पैसे पाठवा, गाडी दारात येते. मामा त्याला म्हणाले, "व्हिडिओ लाव अन् चेसिसचा नंबर दाखव." नेमका त्याचा कॅमेरा बिघडला. "मामा, फोटो तर खरे वाटतात," मी म्हटलं. "फोटोत तं त्या पाकिटावरही हिरवंगार वावर होतं बे!" म्हणत मामांनी फोन ठेवला.

अखेर फियाट विकायला काढलेले मेहकरचे एक म्हातारे चाचा सापडले, जुने कापूस व्यापारी. मामा मिस्त्रीला घेऊन एसटीने गेले, नंबर कागदांशी ताडले, कागद आरटीओ कार्यालयात जाऊन तपासले, आणि वर म्हणाले, "आठ दिवस चालवून पाहाले देता का?" चाचा हसले. "ले जाओ भाऊ. हमने भी जिंदगीभर बैलगाडी में हात डालके ही कपास लिया."

गाडी दारात आली. मामी ओवाळणीचं ताट घेऊन धावली. "पक्की झाली?"

"नाही. आठ दिवस गोणपाटात हाये. मंग पाहू."

मामीचा चेहरा उतरला. "परत द्याच्या गाडीत एक डाव बसून झालं माह्यं," म्हणून ती ताट घेऊन आत गेली. मामा स्टिअरिंग सोडून उतरले आणि पेटीतले पैसे मोजायला बसले.

सकाळी ते मला घेऊन मेहकरला गेले, व्यवहार पुरा करून, सह्या घेऊन संध्याकाळी परतले आणि दारात हॉर्न दाबत बसले.

"आता कधी परत न्याची?" मामीने उंबऱ्यातूनच विचारलं.

"नाही न्याची. तुही हाये."

मामी पुढे बसली. मामांनी गाडी त्याच वावराकडे घेतली. यंदा तिथे कपाशी फुटून आली होती. मामीने आपल्या बाजूचं दार पक्कं लागलंय का ते दोनदा ओढून पाहिलं.