लॅबमधले मणी तांदळाच्या डब्यात

मंडळी, दवाखान्याच्या बाकावरून लिहितेय.

सोमाटण्याच्या आमच्या लॅबमध्ये टोल्यूइन, म्हणजे रंगाच्या थिनरमधलं द्रावण, कोरडं करायला (त्यातलं पाणी काढायला) मॉलिक्युलर सीव्ह वापरतात. साबुदाण्यासारखे मणी, ओल शोषून घेतात. साफसफाईच्या मावशींना हे मीच कौतुकानं सांगितलेलं.

आज त्या म्हणाल्या, "मॅडम, तांदळाला रंगासारखा वास मारतोय. तुमी टाकून दिलेलं मनी घरी डब्यात ठेवलेत, ओल लागू न्हाई म्हनून."

वापरलेल्या मण्यांना टोल्यूइन लागलेलं असतं. ते विषारी आहे.

"कधीपासून?"

"आठ दिस झालं. नातीचं डोकं लय दुखतंय."

नातीला डॉक्टर आत तपासतायत. मावशी मलाच धीर देतायत, "तुमी तर चांगलंच सांगितलं व्हतं."

तुमच्याकडे टाकलेलं केमिकल कुठं जातं, कधी विचारलंय?