अर्थ, पान नंबरासकट

कार्डबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती पुस्तकाच्या शेवटच्या पानावर. जुन्यापुराण्या इंग्रजी शब्दांचे अर्थ सांगणारं ते देखणं पुस्तक त्यांनी ऑफिसात उभ्याउभ्याच भराभर चाळलं, आणि शेवटी आभाराचं पान आलं. साहेबांनी बायकोचे आभार मानले होते, सासूबाईंचे मानले होते, कोपऱ्यावरच्या कॉफीवाल्याचेसुद्धा मानले होते. बाईंचं नाव भिंग लावून शोधलं तरी सापडलं नसतं.

साहेब म्हणजे कोण, तर शब्दकोशाच्या या ऑफिसचे आयते मालक. छापखान्याच्या वरच्या दोन खोल्यांत हे ऑफिस उभं केलं ते त्यांच्या सासऱ्यांनी, म्हणजे बाईंच्या सरांनी. सर गेले आणि जावईबापू खुर्चीत येऊन बसले. बाई मात्र एकतीस वर्षं त्याच खिडकीपाशी. वापरातून गेलेले इंग्रजी शब्द शोधायचे, प्रत्येकाचं कार्ड करायचं आणि लाकडी खणात लावायचं, हे त्यांचं काम. वर शब्द, मध्ये अर्थ, खाली बाईंनी रचलेलं एक वाक्य, आणि अगदी तळाला तो शब्द ज्या जुन्या पुस्तकांत सापडला त्यांची नावं आणि पान नंबर. दोन पुस्तकांत दिसल्याशिवाय शब्द खणात जायचा नाही. एकेका शब्दापायी महिना जायचा. या धबडग्यात ताईचं लग्न राहून गेलं, असं धाकटी बहीण म्हणायची. धाकटीच्या नवऱ्याकडे बघून बाईंना वाटायचं, राहिलं ते बरंच झालं.

अशी चार हजार कार्डं. त्यातली साडेतीनशे उचलून साहेबांनी स्वतःच्या फोटोसकट छापली होती. वाक्यंसुद्धा बाईंचीच. 'ग्रोक' म्हणजे कुणी जेवत असताना, आपल्यालाही बोलावतील या आशेनं टक लावून बघत राहणं. त्याखाली, 'आमचे मेहुणे बरोबर एक वाजता येऊन ग्रोक करतात.' 'फजेल' म्हणजे कामाचा आव आणून काहीच न करणं. त्याखाली, 'नवे साहेब सकाळपासून फजेल करत आहेत.' या गृहस्थानं तेही न वाचता छापलं होतं! गायब होती ती फक्त तळाची ओळ.

बाई तडक केबिनमध्ये शिरल्या. "पुस्तकांची नावं कुठे गेली?"

"अहो बाई, लोक कंटाळतात असल्या गोष्टींना."

"आणि माझं नाव?"

साहेब हसले. "शब्द काय कुणाच्या मालकीचे असतात? अर्थ तो अर्थच. मी शोधला असता तरी हाच मिळाला असता ना?"

बाईंनी घरी येऊन भांड्यांवर राग काढला.

"ताई, सोडून दे ना आता," धाकटी म्हणाली.

"काय सोडू? डोळे फोडून घेतले मी, आणि हा चोर म्हणतो मी शोधला असता!"

रागारागानं घरी आणलेल्या पुस्तकाची पानं उलटताना एकशे बाराव्या पानावर त्यांचा हात थांबला. 'अंब्रिंडल: ओल्या छत्रीतून उंबऱ्यावर गळलेलं पाणी.' हा शब्द इंग्रजीत नाही. कुठेच नाही. कोणी कोशातला मजकूर ढापला तर पकडता यावा म्हणून एक बनावट शब्द घालून ठेवायचा, ही सरांची पद्धत. एका दुपारी त्यांनी तो बाईंना रचायला लावला आणि तिसऱ्या कुणाला पत्ता लागू दिला नाही. ओळखायची खूण एकच, त्या कार्डाच्या तळाला पुस्तकाचं नाव नव्हतं. साहेबांनी तळ वाचलाच नव्हता.

चोर सापडला. पण बाईंना आनंद होईना. त्याला उघडं पाडायचं तर आपण खोटं लिहिलं हे चारचौघांत सांगावं लागणार. एकतीस वर्षांत तेवढा एक सोडून एकही खोटा अर्थ दिला नाही, एवढ्या एका गोष्टीवर त्या ताठ मानेनं जगल्या होत्या. गप्पच बसायचं, असं त्यांनी ठरवलं.

रविवारी सकाळी वाचनालयाच्या सभागृहात साहेबांचा कार्यक्रम होता. पन्नास-साठ माणसं, बरेचसे निवृत्त शिक्षक. बाई मागच्या रांगेत दात आवळून बसल्या.

"माझा सगळ्यात लाडका शब्द, अंब्रिंडल," साहेब माइकवर म्हणाले. "एका खलाशाच्या डायरीत सापडला. काय मेहनत घेतली होती मी!"

मेहनत! बाई ताडकन उठल्या. "कितव्या पानावर?"

"अं?"

"डायरीच्या कितव्या पानावर सापडला?"

"बाई, आत्ता कसं सांगणार..."

"कधीच नाही सांगता येणार. तो शब्द मी रचलाय. खोटा आहे. चोर पकडायला ठेवला होता, आणि चोर तिथे उभा आहे."

सभागृहात हशा पिकला. साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला. तेवढ्यात पुढच्या रांगेतले एक वयस्क मास्तर उठले. ते हसत नव्हते.

"म्हणजे खोटं तुम्हीही लिहिलंतच, बाई. मग बाकीच्या शब्दांवर आम्ही कसा विश्वास ठेवायचा?"

ज्याची भीती होती तेच झालं. बाई तरातरा पुढे आल्या. "विचारा," त्या म्हणाल्या. "कुठलाही विचारा."

मास्तरांनी पुस्तक उघडलं. "मम्प्सिमस."

"चूक दाखवून दिली तरी हट्टानं तीच धरून बसणारा. एका पाद्र्याची पत्रं, पान एकेचाळीस. एका जमीनदारिणीची रोजनिशी, पान दोनशे सहा."

"स्लगाबेड."

"उन्हं वर आली तरी लोळत पडणारा. स्वयंपाकिणीच्या आठवणी, पान नऊ. दुसरं पुस्तक वकिलाचं, पान सत्तर. पुढचा!"

वीस शब्द झाले, तीस झाले. बाई भांडल्यासारख्या उत्तरं देत होत्या. मास्तरांनी खिशातून पेन्सिल काढून समासात पान नंबर लिहायला सुरुवात केली, मग शेजारच्यांनीही पेनं काढली. माइकपाशी उभ्या असलेल्या साहेबांकडे कुणी बघेना.

शेवटी तेच खाली आले, हळूच म्हणाले, "बाई, तमाशा पुरे. पुढच्या आवृत्तीत घालू तुमचं नाव. आभारात, सगळ्यात वर."

"आभारात नाही. मुखपृष्ठावर, एकटीचं," बाई म्हणाल्या. "आणि अंब्रिंडल तेवढा तुमच्या नावावर छापा."