भिंतीवरची पऱ्हाटी

रंगाचा डबा बरेच दिवस न ढवळता ठेवला की तळाशी घट्ट साका बसतो. आमच्या दुकानात किश्श्यांचं तसंच झालंय. कुणी चहाला आलं आणि जरा ढवळलं, की काहीतरी वर येतंच!

दुकान दारव्ह्याला, स्टँडपासून जवळ; मागंच आमचं घर. एकच शेड, मधोमध पत्रा. पत्र्याच्या अलीकडे आमचे रंग, पलीकडे रशीदभाईंचं वेल्डिंग. गल्ल्यावर मी. भिंतींवर चित्रं काढायला माझे धाकटे दीर, गजानन. एरवी मी त्यांना भाऊजी म्हणते, मी चिडले की गजाननराव.

सध्या लोकांना घरात झाडं पाहिजेत, पण खरी नकोत. खऱ्यांचा पालापाचोळा होतो, डास होतात, पाणी कोण घालणार! मग गेटवर वेल पाहिजे, हॉलमध्ये जंगल पाहिजे, बाथरूममध्ये केळीची बाग पाहिजे. असं गिऱ्हाईक सरळ आमच्याकडे येतं.

*

एका कापूस व्यापाऱ्यानं नवी गाडी घेतली. गाडीसाठी पोर्च बांधायचा म्हणून अंगणातला मोठा कडुनिंब तोडला. मग घर बोडकं दिसायला लागलं. तेव्हा जुना फोटो घेऊन दुकानात आला. "हाच निंब कंपाउंडच्या भिंतीवर काढून द्या!"

भाऊजींनी काढला. फांदी न् फांदी, पिकलेल्या निंबोळ्यांसकट. छानच जमला होता.

पुढं भर उन्हाळ्यात मी त्या घरावरून चालले होते. बघते तर हा माणूस रणरणत्या उन्हात गाडी मागेपुढे करत भिंतीला चिकटवतोय. पोर्च रिकामा!

मी म्हटलं, "भाऊ, पोर्चमध्ये का नाही लावत?"

"तिथं कायले लावू वहिनी? इथं सावलीत लावून राह्यलो ना!"

*

रशीदभाईंकडे एका रिटायर्ड गुरुजींनी गेट बनवून घेतलं. लोखंडी वेल, बारीक बारीक पानं, टोकाला कळ्या. वर्षभरानं गुरुजी तक्रार घेऊन हजर.

"रशीद, वेल वाढून नाही राह्यली."

"गुरुजी, लोखंड हाये ते!"

"मंग चार पानं जोडून दे."

तेव्हापासून रशीदभाई दर दिवाळीला जातात आणि गुरुजींची वेल वाढवून येतात. वेल गेटवरून खांबावर गेली, खांबावरून खिडकीच्या गजावर. शेवटी गेटच उघडेना. घरातली माणसं शिडी लावून भिंतीवरून ये-जा करायला लागली. सूनबाई वैतागल्या आणि त्यांनी रशीदभाईंना कटर घेऊन बोलावलं.

कटर सुरू झाला तसे गुरुजी आतून धावत आले. "खबरदार! भरात आलेली वेल कोणी तोडते का?"

रशीदभाई परत आले. मी विचारलं, "मग काय केलंत?"

"क्या करते भाभी! गेलोच होतो, त दोन पानं लावून आलो."

*

फुलसावंगीच्या एका चहाच्या हॉटेलात भाऊजींनी भिंतभर रान रंगवलं. मालकानं हौसेनं वर प्लास्टिकचे मनीप्लांट टांगले. आम्ही कामाचं बघायला गेलो, तर तो मगानं त्या प्लास्टिकला पाणी घालत होता. खाली बसलेल्या गिऱ्हाइकाच्या टकलावर थेंब थेंब गळत होतं.

भाऊजी म्हणाले, "अरे, प्लास्टिकले पाणी काहून टाकतं?"

मालकानं इकडेतिकडे बघून आवाज बारीक केला. "हळू बोला ना भाऊ! पाणी नाही टाकलं त लोकायले समजते, नकली हाये म्हणून."

*

हे सगळं आम्ही हसण्यावारी नेलं. भाऊजींच्या लग्नाचं मात्र मला हसू येत नव्हतं. पस्तिशी जवळ आली होती. "पेंटर हाये ते ठीक, पण नोकरी काय करते?" असं विचारून पाहुणे चालते व्हायचे. सासूबाई झुरत होत्या. हा कलावंत माणूस रंगाच्या डब्यांत म्हातारा होणार, या विचारानं माझाही जीव तुटायचा.

अशात राळेगावकडचं एक स्थळ आलं. मुलगी वैशाली. दोघांनी एकमेकांना पाहिलं, दोघं लाजले, पसंती झाली. राहिलं फक्त घर बघणं. त्यासाठी तिचे वडील, नामदेवराव, येणार होते. पक्के कापूसवाले!

भाऊजींनी त्यांच्यावर छाप पाडायचं ठरवलं. पुढच्या खोलीत जुना गेरूचा रंग होता. त्यावर त्यांनी अख्खं कपाशीचं वावर उभं केलं. आमच्याकडे शेताला वावर आणि कपाशीच्या झाडाला पऱ्हाटी म्हणतात. तर भिंतभर पऱ्हाटी, पांढरीशुभ्र फुटलेली!

नामदेवराव आले. मी शिरा पुढे केला. त्यांनी बशी बाजूला सारली. "गोड पक्कं झाल्यावर."

मग उठून भिंतीपाशी गेले. घर बघितलं नाही, संडास-बाथरूम बघितलं नाही, मुलाला एक प्रश्न नाही! एक पान निरखलं आणि नखानं कड उचकटायला लागले. पानाखाली कीड आहे का बघत होते!

"दाट लावली," ते म्हणाले. "हवा खेळत नाही." आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी बघते तर भाऊजी खरवडणी घेऊन भिंतीला भिडलेले. एकाआड एक ओळ खरवडून टाकली!

"गजाननराव, डोकं ठिकाणावर आहे का?"

"वहिनी, त्यायचं बरोबर हाये. दाटच झाली होती."

नामदेवराव दुसऱ्यांदा आले. खरवडल्यामुळं खालचा गेरू फुटून वर आला होता आणि पानं तांबडी दिसत होती. नामदेवरावांनी दारातच कपाळाला हात लावला. "लाल्या आला!" लाल्या म्हणजे पानं लाल पडण्याचा रोग. शिरा तसाच राहिला. मला तर रडूच आलं. एका भिंतीपायी चांगली सोयरीक चालली होती!

त्या आठवड्यात वैशालीचा फोन आला. "वहिनी, बाबा रोज तुमच्या भिंतीचंच विचारतात. आमच्या वावराकडं लक्ष नाही त्यायचं. काही करा, पण गजाननरावांना म्हणा, पऱ्हाटी वाचवा!"

मी सगळा राग बाजूला ठेवला आणि डब्यातला उत्तम हिरवा काढून दिला. नामदेवराव पुन्हा यायचे होते त्या दिवशी भाऊजी पहाटेच उठले आणि पानापानावर त्यांनी हिरव्याचा हात फिरवला. पऱ्हाटी अशी तरारली की सासूबाईंनी दृष्ट काढली.

दहाच्या एसटीनं नामदेवराव उतरले. पाठीवर फवारणीचा पंप, तोंडाला फडकं!

रशीदभाई वेल्डिंग सोडून धावले. "चाचा, वावर तिकडं हाये!"

नामदेवराव सरळ आमच्या नळापाशी गेले. पंप भरला. "औषध नाही, नुसतं पाणी हाये, भेऊ नका," एवढंच म्हणाले. पुढच्या खोलीत शिरले आणि या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत फवारत सुटले. रंग ओलाच! पानं गळाली, बोंडं गळाली, हिरवे ओघळ फरशीवर आले. सासूबाई घोट्यापर्यंत हिरव्या. मी ओरडतेय, रशीदभाई "या अल्ला" करताहेत, भाऊजी खांबासारखे उभे.

पंप संपला. नामदेवरावांनी तोंडावरचं फडकं काढलं, हात धुतले, खुर्चीवर बसले. स्वतः हात लांबवून शिऱ्याची बशी ओढली आणि भरला घास तोंडात टाकला.

"पीक गेलं, जवाई," ते म्हणाले. "दुबार पेरणी करा. अन् यंदा तूर लावा. पऱ्हाटी तुमच्या हाताले मानवत नाही!"