कागदावर नसलेली खोली

बेलापूरच्या रंभाजी गवंड्याने चाळीस वर्षांत कुणाला सुखासुखी कामावर घेतलं नाही. नवा माणूस आला की त्याला एका भिंतीपुढे उभा करायचा, हातात ओळंबा द्यायचा आणि विचारायचं, "हिच्यात चूक काय हाय?" भिंत सरळच असायची. जो ओळंबा न सोडताच चुका काढी तो घरी जाई. न बघता "झकास" म्हणणाराही घरी. ओळंबा सोडून, एक डोळा मिटून "काय न्हाई, मिस्त्री" म्हणणारा तेवढा राही.

एकाहत्तराव्या वर्षी त्याला वकील ठेवायचा होता. परीक्षा तीच.

कारण होतं यशोधरा. लेक चाळिशीची, समज सात-आठ वर्षांची. भांडी लख्ख घासते, पण कुणी गोड बोललं तर कुठेही अंगठा देईल. मुलगा महेंद्र पुण्याला असतो. चांगला आहे, पण रंभाजी चांगल्या भिंतीलाही ओळंबा लावतो. आपल्या आणि बायको बनाबाईच्या मागे घर यशोधराच्याच कामी यावं, ते कुणाला विकता येऊ नये, म्हणून जिवंतपणीच घराचा ट्रस्ट करायचं त्याने ठरवलं.

"मृत्युपत्र करा की. सोपं असतंय," बनाबाई म्हणाली.

"ते मेल्यावर उघडत्यात. ओल्या बांधकामाला पानी कोन मारील मंग?"

"तुमी मेल्यावर बी माराया याल. मला ठाव हाय."

श्रीरामपूरला कोर्टासमोर पहिल्या वकिलापुढे रंभाजीने घराचा ग्रामपंचायतीचा उतारा ठेवला. "सायेब, ह्याच्यात चूक काय हाय?"

वकिलाने कागद लांब धरला आणि मान हलवली. "फार भानगड आहे, बाबा. दावाच लावावा लागेल."

"चष्मा खिशात हाय तुमचा," म्हणत रंभाजीने उतारा काढून घेतला.

दुसऱ्याकडे मसुदा तयारच होता. "उतारा एक नंबर आहे. नावं घालू, उद्या सही." उताऱ्याची घडीसुद्धा मोडली नव्हती.

"एवढ्या फेऱ्यांत दोन लग्नं जमली असती," बनाबाई म्हणाली.

तिसरी रश्मी वकीलबाई. झेरॉक्सच्या दुकानावर एक खोली, वकिलीला पाच वर्षं. तिने उतारा वाचला, उलटा करून पाहिला, पुन्हा वाचला. रंभाजीने मनात अर्धी पसंती दिली.

"काका, घर किती खोल्यांचं?"

"चार."

"यशोधराताई कुठं झोपतात?"

"मागच्या खोलीत. तिच्यासाठीच बांधली, रविवारी-रविवारी, एकट्यानं. सांध्यात सुई जायची न्हाई."

"मग चूक आहे. इथं तीनच खोल्या आहेत."

रंभाजीने कागद ओढून घेतला. गावातल्या प्रत्येक घरमालकाला तो बजावायचा, आधी नोंद करा, मग रंग द्या. स्वतःची खोली मात्र रविवारच्या कामात बांधून झाली आणि उतारा ट्रंकेत पडून राहिला. सरळ भिंत म्हणून त्याने जी पुढे केली, तीच वाकडी निघाली होती.

"असाच ट्रस्ट केला असता तर?"

"उद्या वाद झाला तर पहिलं बोट त्याच खोलीवर. आधी नोंद करू, मग ट्रस्ट. महिने लागतील."

घरी बनाबाईने विचारलं, "घावला का वकील?"

"घावली. माजी भिंत पाडली तिनं."

"अगं बाई! मंग?"

"मंग काय? ठिवली कामावर."

मोजणीला ग्रामपंचायतीचा रामहरी टेप घेऊन आला. रश्मीही आली.

"दहा बाय बारा. लिव्ह," रंभाजी म्हणाला.

"मोजू द्या, काका," रश्मी म्हणाली.

यशोधराने टेपचं टोक कोपऱ्यात धरलं. रुंदी भरली नऊ फूट अकरा इंच.

"टेप खोटा हाय!"

तीनदा मोजलं. तीनदा अकरा. बनाबाईने पदर तोंडाला लावला.

"सोडा आता, ताई," रामहरी म्हणाला.

यशोधराने मूठ आणखी आवळली. "आदी लिव्ह."

रामहरीने वहीत खोली लिहिली, तिला ओळ दाखवली, तेव्हा कुठे टोक सुटलं. रंभाजीने एक डोळा मिटून लेकीकडे पाहिलं. काही चूक दिसली नाही.

ट्रस्ट तीन महिन्यांनी नोंदला गेला. तोवर दर गुरुवारी तो श्रीरामपूरची एसटी धरी.

"कशाला जाता एवढं?" बनाबाई विचारी.

"पानी माराया."