कासवाची पाठ

फोन आला तेव्हा वन्सं टीव्हीवर बोलत होत्या. सकाळी जुने भाग दाखवतात, त्यात त्यांच्या हातातलं बाहुलीचं कासव खारीच्या पिल्लाला समजावत होतं, "दमानं घे की रे राजा..." आणि इकडे दवाखान्यातून माझा नवरा संदीप सांगत होता, "अक्का गेली गं." छातीत दुखतंय म्हणून वन्सं स्वतःच्या पायांनी रिक्षात बसून गेलेल्या. कुणाचं खरं मानावं, मला कळेना. तो जाड, खर्जातला, मायेचा आवाज बंद करायला हात पुढे होईना. भाग संपेपर्यंत मी तशीच उभी राहिले. तव्यावरची पोळी करपून गेली.

सुमनवन्सं म्हणजे संदीपची थोरली बहीण. घरानं त्यांना मुलगा म्हणून वाढवलं होतं. त्यांचं जुनं नाव मी इथे लिहिणार नाही, ते ऐकलं की दाढ ठणकावी तसा त्यांचा चेहरा व्हायचा. मी लग्न होऊन चिखलीच्या घरात आले तेव्हा त्या साडी नेसून चाकणच्या एका कंपनीत गाड्यांच्या सीटा शिवायला जात होत्या, आणि घरात त्यांना कुणी कशानेच हाक मारत नव्हतं. सासूबाई भिंतीकडे बघून म्हणायच्या, "जेवाय वाढलंय म्हणावं." चहा निवत होता म्हणून एकदा मीच ओरडले, "वन्सं, चहा!" त्या आल्या, कप हातात धरून नुसत्याच उभ्या राहिल्या. मग एक घोट घेऊन म्हणाल्या, "साखर कमी हाय." तेव्हा सुरू झालेला नणंदपणा त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही.

कंपनीत विचारून त्या फोमचे उरलेले तुकडे घरी आणायच्या आणि दुपारभर बाहुल्या शिवत बसायच्या. मशीनची घरघर, उन्हात तरंगणारे फोमचे कण, मध्येच एखादा हत्ती किंवा बेडूक त्यांच्या हातात जागा होऊन माझ्याशी बोलायचा... मला डुलकी लागायची आणि स्वप्नातही तोच आवाज चालू राहायचा. "चांगला फोम कसा वळखायचा?" त्या विचारायच्या. "दाबला तर दबतो, पण हात काढला की हळूच जाग्यावर येतो."

गणपतीत मंडळापुढे केलेला त्यांचा बाहुल्यांचा खेळ बघून टीव्हीवरच्या मुलांच्या एका कार्यक्रमाचं बोलावणं आलं. कासारवाडी स्टेशनजवळ छोटासा स्टुडिओ होता. गाडी धडधडत गेली की चित्रीकरण थांबायचं आणि सगळे प्राणी हात वर करून गप्प बसायचे. तिथल्या लोकांनी वन्संचा आवाज ऐकला आणि त्यांच्या फोमच्या कासवाला 'कासवकाका' करून टाकलं. वन्संनी ते बराच काळ चालवून घेतलं. आमच्या लेकीला, ऊर्वीलाही सासूबाईंनी 'काका'च म्हणायला शिकवलं होतं. मग मला दुसऱ्यांदा दिवस गेले, आणि एका दुपारी सुई थांबवून वन्सं म्हणाल्या, "मीनल, बाळाच्या कानात नाव आत्या सांगती ना गं?" आणि पुन्हा टाका घालायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्टुडिओत सांगितलं, कासव आत्या आहे. वाहिनीची माणसं म्हणाली, मुलं गोंधळतील. मग म्हणाली, आत्याच करायची तर एखाद्या मुलीचा नाजूक आवाज लावू. वन्सं म्हणाल्या, "आवाज माझाच ऱ्हाईल. न्हाईतर कासव घरी घिऊन जाते." दिग्दर्शिका तरुण होती, खमकी होती. ती म्हणाली, एक भाग करून तर बघू.

त्या भागात खारीच्या पिल्लाचं बारसं होतं. पाळणा सजलेला, घुगऱ्या तयार आणि आत्याचाच पत्ता नाही. कासव पुढे येतं, "मी हाय की." खारीचं थोरलं पिल्लू म्हणतं, "पण तुम्ही तर काका ना?" कासव म्हणतं, "सगळे म्हणायचे बाळा. पण मी आत्याच हाय, पहिल्यापासून." पिल्लू म्हणतं, "बरं. मग सांगा की लवकर नाव, भूक लागलीय." आणि मग सगळे प्राणी कुर्रर्र करून कासवाच्या पाठीवर ढबाढबा धपाटे घालतात. ऊर्वी खदाखदा हसली. सासूबाई शेंगा सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण सोललेले दाणे फोलपटांत टाकत राहिल्या.

मग ओजस झाला. त्याच्या बारशाला नाव ठेवायला सासूबाईंनी नात्यातली एक आत्या आधीच सांगून ठेवली होती. ती पाळण्याशी वाकली तशी ऊर्वी भर बायकांत ओरडली, "ही नाही, आमची आत्या कुठंय?" मला वाटलं, आता सासूबाई पोरीला ओढून आत नेणार. त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाल्या, "सैपाकघरात हाय. बोलवा तिला."

वन्सं पिठाच्या हातांनीच आल्या. बाळाच्या कानाशी वाकल्या, पण त्यांचं कुजबुजणं ते काय, नाव दारातल्या चपलांपर्यंत ऐकू गेलं. बायका हसल्या. पाठीत पहिला धपाटा सासूबाईंनी घातला, चांगला जोरात. वन्सं कळवळून म्हणाल्या, "आये, जीव घेती का!" आणि दोघी मायलेकी हसता हसता रडायला लागल्या.

वन्संना जाऊन आता महिना होत आला. टीव्हीवर त्या अजून रोज सकाळी बोलतात. स्टुडिओनं कासव आमच्याकडे पाठवून दिलंय, ते शिलाई मशीनवर बसलेलं असतं. सासूबाई दुपारी जाता-येता त्याच्याजवळ थांबतात. कुणी बघत नाही असं वाटलं की त्याच्या पाठीत हलकेच एक धपाटा घालतात आणि हात तिथेच ठेवतात. "सुमे..." वन्सं होत्या तोवर हे नाव सासूबाईंच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. मग त्या हात काढतात. फोम हळूहळू वर येतो, आणि तो पुरता जागेवर येईपर्यंत त्या तिथून हलत नाहीत.